फड, माती आणि गादी : खाशाबा जाधव लोकस्मृतीतून का निसटले?

#धागा

१/ जुलै १९५२. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा सव्वीस वर्षांचा मल्ल ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकतो. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे वाट पाहावी लागली.

२/ या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. कुस्ती ज्या मुलखाच्या रक्तात आहे, त्याच मुलखात हे नाव कित्येक दशके मागे कसे पडले? सरकारी अनास्था हे याचे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर आपल्या जत्रांत, हलगीत, पडद्यावर आणि भाषेत दडलेले आहे. आजचा धागा त्याविषयी.

३/ आधी थोडा भूगोल. आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे एकेकाळी बऱ्याच अंशी एकाच सातारा जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. म्हणून कुस्तीचा इतिहास लिहिताना या दोहोंना वेगळे काढता येत नाही. दोघांचीही नजर कायम शेजारच्या कोल्हापूरच्या तालमींकडे लागलेली.

४/ या पट्ट्यातील बलोपासनेला जुना आधार आहे. समर्थ रामदासांनी १७व्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी ही ठिकाणे साताऱ्यात येतात. शिराळा आणि बहे-बोरगाव सांगलीत. तालमीच्या भिंतीवर मारुतीची मूर्ती वा तसबीर असते आणि तिला नमस्कार केल्याशिवाय कोणी मातीत उतरत नाही. येथे खेळ आणि श्रद्धा यांच्यात कुंपण कधीच नव्हते.

५/ आता एका शब्दाकडे पाहू : ‘फड’. उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड. कृष्णाकाठच्या माणसाला तिन्ही अर्थ सारखेच परिचित. श्रम, करमणूक आणि खेळ यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या समाजात ‘क्रीडा’ आणि ‘लोकसंस्कृती’ हे दोन निराळे विषय आहेत, ही कल्पना फार उशिरा आली. ती आणली शाळा, क्लब आणि स्पर्धा संघटनांनी.

६/ गावच्या जत्रेचा क्रम आठवा. रात्री देवाचा छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. यात्रा कमिटी एकच, घरटी वर्गणी एकच. तमाशाची सुपारी आणि पहिल्या कुस्तीचे इनाम एकाच पेटीतून जाई. साहजिकच दोन्हींना एकाच प्रेक्षकाचे समाधान करायचे असे.

७/ आणि दोन्हींची रचनाही सारखीच. तमाशा गण, गवळण, बतावणी अशा पायऱ्या चढत वगापर्यंत पोहोचतो. कुस्त्यांचा फड पोरांच्या रेवड्यांवरील लढतींनी सुरू होतो, इनामाची रक्कम वाढत जाते, आणि दिवस कलताना ‘एक नंबरची’ कुस्ती लागते. उत्कंठा कशी ताणायची, हे दोन्ही फडांना ठाऊक होते.

८/ या नाट्याचे संगीत म्हणजे हलगी, घुमकं आणि कैताळ. मल्ल खडाखडी करत असतात तेव्हा ठेका संथ असतो. कोणी पट काढला की तो चढतो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, हौदा न दिसणाऱ्या माणसालाही नुसत्या ठेक्यावरून कळते की आत काहीतरी घडले. हलगीवाला हा मैदानाचा पहिला समालोचकच.

९/ हे वादक बहुतांशी मातंग समाजातील. याच समाजात वाटेगाव (ता. वाळवा) येथे १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले आणि त्यांनी तमाशाच्या साच्यातून लोकनाट्य उभे केले. कुस्तीच्या हँडबिलावर मल्लांची नावे असत, इनाम देणाऱ्यांची असत. हलगीवाल्याचे नाव क्वचितच. लोकस्मृती कोणाला जागा देते आणि कोणाला वगळते, या प्रश्नाची सुरुवात इथूनच होते.

१०/ आता मूळ मुद्दा. मातीतील कुस्तीचा निकाल म्हणजे ‘चितपट’. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की संपले. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. हा निकाल शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. पंच असतो, पण खरा पंच म्हणजे मैदान. म्हणूनच ‘निकाली कुस्ती’ला मान, बरोबरीत सोडवली की लोक हळहळतात.

११/ जो खेळ हजारो लोकांना लांबून पाहायचा आहे, त्यात देहाचा आकार महत्त्वाचा ठरतो. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान १९१२चे. अशा मैदानावर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला डोंगराएवढे दोन मल्ल एकमेकांवर आदळताना पाहायचे असत. एक नंबरची कुस्ती म्हणजे जवळजवळ नेहमी वजनदार मल्लांची.

१२/ परिणाम काय झाला? इनाम मोठ्या देहाला, म्हणून खुराक मोठ्या देहासाठी, म्हणून वस्तादाचे लक्षही मोठ्या देहाकडे. दूध, तूप, बदामाची थंडाई, हजारो जोर-बैठका. चपळ पण लहान चणीच्या मल्लाला मधल्या इनामाच्या कुस्तीवर थांबावे लागे. प्रेक्षकांच्या आवडीने खेळाडूचे शरीर घडवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१३/ उलट दिशेने कुस्तीने आपली भाषा घडवली. शड्डू ठोकणे, चितपट करणे, अस्मान दाखवणे, धोबीपछाड, डाव उलटणे, आखाड्यात उतरणे. मराठी वृत्तपत्रांतील निवडणुकीच्या बातम्यांतून हे शब्द काढून टाकले, तर मथळे ओस पडतील. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत तर समोर पैलवान उरला आहे की नाही, यावरच बड्या नेत्यांमध्ये जाहीर शब्दयुद्ध झाले.

१४/ मात्र या शब्दांतला विजय कसा आहे, ते पाहा. तो संपूर्ण आहे. ‘दोन गुणांनी सरशी’ किंवा ‘कांस्यपदक’ यासाठी आपल्याकडे तसा ठसकेबाज वाक्प्रचार नाही. जिंकणे म्हणजे समोरच्याला उताणे पाडणे. तिसऱ्या क्रमांकाला लोकभाषेत घरच नव्हते. खाशाबांची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

१५/ खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. चण लहान, पण डावांचा साठा मोठा आणि अंगात विलक्षण चपळाई. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. गावच्या मैदानाच्या हिशेबात हा मल्ल एक नंबरच्या कुस्तीचा नव्हता.

१६/ १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात ते सहावे आले. प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले होते. आयुष्यभर तांबड्या मातीत खेळलेल्या या मल्लासाठी गादी नवी, वेळेचे बंधन नवे, नियम नवे. तरीही सहावा क्रमांक. इथेच एक गोष्ट सिद्ध झाली : वजनगट मानणाऱ्या खेळात लहान देह हा उणेपणा राहत नाही.

१७/ १९५२ साली पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कराड परिसरातील लोकांनी आपापल्या परीने भर घातली. जत्रेची वर्गणी गोळा करण्याची रीत इथे एका ऑलिंपिकवारीच्या कामी आली.

१८/ हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य, खाशाबांना कांस्य. म्हणजे जगात त्यांच्या पुढे त्या गटात दोनच माणसे होती.

१९/ परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. लोकांना कौतुक नव्हते, असे म्हणण्याला येथे जागाच उरत नाही. गावाने आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वोच्च सन्मानाने त्यांना घरी आणले. ऑलिंपिकचे पदक गावात आले ते जत्रेच्या थाटात.

२०/ आणि आता या धाग्यातील माझा सर्वांत आवडता तपशील. खर्डेकरांचे कर्ज कसे फिटले? खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि आलेल्या पैशातून गहाण पडलेले घर सोडवले. भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचा खर्च अखेर तिकीट काढून मातीतील कुस्ती पाहणाऱ्या प्रेक्षकाने भरला. ज्या लोकसंस्कृतीने पुढे त्यांना मागे टाकले, तिनेच आधी त्यांना तारले होते.

२१/ मग मागे का पडले? पुढच्या दशकाकडे पाहू. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. १९६० साली शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपत आंदळकर. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. १९६४ साली कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. खांद्यावर गदा, डोक्यावर फेटा, एकच विजेता. हे किताब लोकांच्या ‘निकाली’ कल्पनेशी तंतोतंत जुळणारे होते.

२२/ या मल्लांचे मोठेपण निर्विवाद आहे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि माने या सांगलीच्या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. मातीवर राजे, गादीवरही पदकविजेते. पण माने ९७ किलो गटात आणि आंदळकर त्याहून वरच्या गटात लढले, हेही ध्यानात घ्या. मैदानावर उभे राहिले की ‘पैलवान’ या शब्दाचे चित्र पूर्ण होई. ५७ किलोच्या खाशाबांबाबत ते होत नसे.

२३/ त्याच वर्षी, १९६२ साली, ‘किंग काँग’ हा हिंदी चित्रपट आला आणि दारा सिंग पडद्यावरचे नायक म्हणून प्रस्थापित झाले. पडद्याने पैलवानाची जी प्रतिमा घराघरांत नेली, तीही भव्य देहाचीच. जत्रेच्या मैदानाने घडवलेल्या आवडीला सिनेमाने देशव्यापी केले. तिथे बारीक अंगाच्या, पोलिसाच्या नोकरीत रमलेल्या माणसाला जागा कुठून मिळणार?

२४/ खाशाबा १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. २०१० साली दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव मिळाले. हयातीत एकही पद्म सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. राज्यसंस्था विसरली, पण लोकदबाव असता तर तिला इतके सहज विसरता आले असते का?

२५/ २०१६ मध्ये चित्र पालटू लागले. ‘सुलतान’ आणि ‘दंगल’ एकाच वर्षी आले. दूरचित्रवाणीवर ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणादा तालमीतून थेट दिवाणखान्यात शिरला. यांतील ‘दंगल’चे काम मला विशेष वाटते. कोणत्या डावाला किती गुण, हे त्याने सामान्य प्रेक्षकाला शिकवले. गादीची भाषा पहिल्यांदा लोकभाषा होऊ लागली, तीही वजनगटांत लढणाऱ्या मुलींच्या गोष्टीतून.

२६/ त्याची एक खूण सांगलीतच उमटली. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. ज्या फडाच्या कडेला एकेकाळी बायकांना उभे राहणेही अवघड होते, त्या मुलखात चांदीची गदा एका मुलीच्या खांद्यावर आली. याचे श्रेय एकट्या चित्रपटाला देता येणार नाही. लेकींना आखाड्यात धाडणारे बाप आणि त्यांना घडवणारे वस्ताद यांचा त्यात मोठा वाटा आहे.

२७/ खाशाबाही परतत आहेत. १५ जानेवारी २०२३ रोजी गूगलने त्यांचे डूडल केले. त्याच वर्षी नागराज मंजुळे यांनी ‘खाशाबा’ या चित्रपटाची घोषणा केली. आनंदाची गोष्ट आहे. मात्र चरित्रपटांच्या लाटेत एक धोका असतो : विस्मृतीत गेलेल्या माणसाला परत आणताना त्याला पुन्हा जुन्याच साच्यात, गर्जना करणाऱ्या महाकाय वीराच्या रूपात, बसवले जाते.

२८/ कारण साचा अजून शाबूत आहे. महाराष्ट्र केसरी किताबाचा गट ८६ ते १२५ किलोंचा. एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा सातारा शहरात, खाशाबांच्या स्वतःच्या जिल्ह्यात झाली. तिथे ५७ किलोचे खाशाबा आपल्या वजनगटात लढू शकले असते. पण ज्या एका लढतीसाठी स्टेडियम भरते, तिच्यात त्यांना प्रवेश मिळाला नसता. ही तक्रार नाही. हा आपल्या आवडीचा आरसा आहे.

२९/ त्याच स्पर्धेत तडजोडही दिसते. एक माती विभाग, एक गादी विभाग, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी समोरासमोर. ऑलिंपिकमध्ये माती कुठेही नाही. तरी महाराष्ट्रात ती टिकली, कारण प्रेक्षकाला ती हवी आहे. आणि खेळाचे शब्द तर आता माणसांपुरतेही उरले नाहीत : पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत बैलगाडा शर्यतीची बैलजोडीही ‘हिंदकेसरी’ होते.

३०/ सारांश असा. जत्रेने कुस्तीला प्रेक्षक, पैसा, संगीत आणि मान दिला. त्याबदल्यात मोठा देह आणि निकाली विजय मागितला. कुस्तीने मराठीला शब्द दिले आणि त्या शब्दांनी विजयाची आपली व्याख्या ठरवली. खाशाबा या व्याख्येबाहेर जिंकले. म्हणून पदक मिळाल्यावर मिरवणूक निघाली, पण आख्यायिका बनली नाही.

३१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक पद्धत मिळते. एखादे नाव विसरले गेले की ‘कोणी विसरवले?’ हा प्रश्न आपण लगेच विचारतो. त्याआधी विचारावे : त्या काळच्या लोकांकडे हे यश सांगण्यासाठी कोणती भाषा होती, कोणते रूप होते? जे सांगायला रूप नसते, ते डोळ्यांदेखत घडूनही स्मरणात रुजत नाही.

३२/ शेवटी एक विनंती. आपल्या गावच्या जत्रेची जुनी कुस्ती-हँडबिले, इनामाच्या याद्या, यात्रा कमिटीच्या वह्या, तालमीतील छायाचित्रे घरात कुठे असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांचे फोटो काढून ठेवा, त्यावर गाव आणि साल लिहा. आणि गावात जुने हलगीवाले असतील, तर त्यांची नावे आधी लिहून घ्या. ती हँडबिलावर सापडणार नाहीत.

(धागा समाप्त. आपल्या भागातील मैदानांविषयी माहिती असेल तर खाली जरूर लिहा. पुढचा धागा त्यावरच करू.)